मॅन्युअल रन होतं!

मॅन्युअल चालवून बघता येतं. सॉफ्टवेअर चालवून बघता येतं हे कुणीही सांगेल, पण त्याचं मॅन्युअलसुद्धा चालवून बघता येतं हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? कळल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे, आणि आता तुम्ही सापडला आहात.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करणाऱ्यांना डॉकटेस्ट हा प्रकार ठाऊक असेल. नसेल तर आजच ठाऊक करून घ्या. एखादं फंक्शन काय करतं याची माहिती लिहिताना आपण एखादं उदाहरण देतो. >>> अशी खूण करायची, तिच्यापुढे आज्ञा लिहायची आणि खालच्या ओळीत त्या आज्ञेचं उत्तर. हे सगळं वाचणाऱ्या माणसासाठी. टिम पीटर्स यांनी ही उदाहरणं मशीनलाही वाचायला लावली! २००१ साली पायथन २.१ सोबत ही सोय भाषेतच आली. मशीन पान वाचत जातं, >>> दिसलं की पुढची आज्ञा खरोखर चालवतं आणि आलेलं उत्तर पानावरच्या उत्तराशी अक्षरन् अक्षर ताडून बघतं. जुळलं तर गप्प. नाही जुळलं तर दोन गोष्टी समोर टाकतं: अपेक्षित काय होतं आणि मिळालं काय.

म्हणजे पानावर लिहिलेलं प्रत्येक उदाहरण हे एक विधान झालं, आणि ते खरं की खोटं हे कुणालाही, कधीही तपासता येतं. विज्ञान याहून वेगळं काय मागतं?

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि पुढे विज्ञानाबद्दल लिहीत राहिले. पुण्यात पावसाचा अभ्यास करणाऱ्या एका गटाने मला विचारलं, की आमच्या टूलचं डॉक्युमेंटेशन लिहाल का? टूल छोटंसंच. हवामान खात्याच्या पावसाच्या फाइली वाचायच्या, हव्या त्या भागाचा, हव्या त्या दिवसांचा पाऊस काढून द्यायचा, बेरीज-सरासरी करायची. गटातल्या सगळ्यांना ते येत होतं, बाहेरच्या कुणालाच येत नव्हतं. मला वाटलं, फंक्शनांची नावं आणि त्यांचे अर्थ असं काहीतरी टिपून द्यायचं काम असेल. आणि मग पहिल्याच बैठकीत गटाचे सर सहज बोलून गेले, ‘‘तारखेचं तेवढं लक्षात ठेवा हं, ती साडेआठची आहे.’’

साडेआठची तारीख! तुम्ही हे ऐकलं होतं?

आपल्याकडे पाऊस मोजतात तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. आणि त्या चोवीस तासांचा पाऊस नोंदला जातो तो ज्या दिवशी ते तास संपतात त्या दिवसाच्या नावावर. आता २६ जुलै २००५ आठवा. मुंबईत राहिलेल्या कुणालाही ही तारीख सांगावी लागत नाही. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. तो पाऊस मुख्यतः २६ च्या दुपारपासून रात्रीपर्यंत कोसळला. पण ९४४ हा आकडा २७ जुलैला सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे. म्हणून नोंदीत तो २७ जुलैच्या नावावर बसतो. एखादी विद्यार्थिनी हौसेने टूल उघडेल, २६ जुलै २००५ टाकेल, आणि जो आकडा येईल तो बघून तिला वाटेल की फाइल बिघडली, किंवा टूल बिघडलं, किंवा आपणच काहीतरी चुकलो. खरं तर सगळं जागच्या जागी आहे. नाही ते फक्त एक वाक्य: ‘प्रत्येक तारखेपुढचा पाऊस हा त्या दिवशी सकाळी साडेआठला (भारतीय प्रमाणवेळ) संपलेल्या चोवीस तासांचा आहे.’

हे वाक्य मी लिहिलं आणि अक्षरशः खुर्चीवरून उठून खोलीत फेऱ्या मारल्या. एवढं छोटं वाक्य! कोडच्या एकाही ओळीला हात न लावता टूल एकदम वापरण्याजोगं झालं. उपग्रहाचा किंवा परदेशी मॉडेलचा पाऊस याच्याशेजारी ठेवून बघणाऱ्याचं तर याच्याशिवाय चालणारच नाही, कारण ती माहिती बहुधा जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून दिवस धरते आणि आपले साडेआठ म्हणजे तिकडचे पहाटेचे तीन.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. हवामान खात्याच्या पुण्याच्या कार्यालयाने तयार केलेली पावसाची चौकटवार माहिती आहे, १९०१ पासूनची, रोजची. पाव अंशाच्या चौकटी, पूर्व-पश्चिम १३५ आणि दक्षिणोत्तर १२९. एक चौकट साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटरची. आता पुन्हा तोच दिवस घ्या. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३! एकाच शहरात. चौकटीचा आकडा आसपासच्या केंद्रांच्या नोंदींवरून काढलेला असतो, एका पर्जन्यमापकाचा नसतो. तेव्हा चौकटीत ९४४ शोधत बसू नका, हेही पानावर यायलाच हवं. ही वाक्यं लिहिताना मला उमगत गेलं की मी टूलबद्दल लिहीतच नाहीये, मी पावसाबद्दल लिहितेय. पाऊस कसा मोजतात, कशाला एक दिवस म्हणतात, नोंद नसेल तर काय करतात.

नोंद नसेल तर! त्याचं काय करतात सांगू? या फाइलींमध्ये जिथे आकडा नाही तिथे -९९९ लिहिलेलं असतं. पाच दिवसांचा पाऊस समजा असा आहे: ०, १२.५, -९९९, ४ आणि ३३.५. चार खऱ्या नोंदींची सरासरी १२.५. पण -९९९ लाही पाऊस समजून पाच जणांची सरासरी काढली तर येते -१८९.८. उणे पाऊस कुणी बघितलाय? हे लगेच ध्यानात येईल. पण आता कोकणातलं एखादं गाव घ्या. वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटर, आणि एकाच कोरड्या दिवसाची नोंद नाही. बेरीज झाली २००१. आणि २००१ मिलिमीटर हा आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो! कमी पावसाचं वर्ष म्हणून कुणी त्यावर निबंधही लिहील. म्हणून टूल -९९९ चं काय करतं हे तळटिपेत टाकायचं नाही, पहिल्या पानावर, पहिल्या उदाहरणात टाकायचं. मी तेच पाच दिवसांचं उदाहरण टाकलं, खाली उत्तर १२.५, आणि डॉकटेस्ट लावून दिली.

पुढे गटातल्या एकाने फाइल वाचायचा कोड आतून पूर्ण बदलला, वेग वाढावा म्हणून. वेग वाढला. त्याच संध्याकाळी माझं पान ओरडलं! अपेक्षित १२.५, मिळालं -१८९.८. नव्या कोडमध्ये -९९९ गाळायचं राहिलं होतं, आणि ते पकडलं कुणी, तर मॅन्युअलने. माणसांना समजावं म्हणून लिहिलेल्या एका उदाहरणाने टूलची राखण केली. त्या मुलाने मेसेज पाठवला, ‘‘ताई, तुमच्या पानाने वाचवलं.’’ मी तो मेसेज घरच्यांना, शेजारच्यांना, सगळ्यांना दाखवला.

मग मी झपाटल्यासारखी चांगली मॅन्युअलं शोधत सुटले. आणि काय काय सापडलं!

नमपाय ही पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी. वैज्ञानिक पायथन जवळजवळ सगळं तिच्यावर उभं आहे. तिच्या प्रत्येक फंक्शनचं पान एकाच क्रमाने लावलेलं असतं: आधी एका ओळीत हे काय करतं, मग काय द्यायचं, काय मिळेल, कुठली चूक होऊ शकते, शेजारची कुठली फंक्शनं बघा, मग टिपा, आणि शेवटी उदाहरणं. पानामागून पान तोच क्रम, त्यामुळे डोळ्याला कुठे बघायचं ते कळतं. प्रमाण विचलनाचं पान उघडा. १, २, ३, ४ या आकड्यांचं प्रमाण विचलन नमपाय सांगतं १.११८. तेच आकडे पँडास या दुसऱ्या, तितक्याच नावाजलेल्या लायब्ररीला द्या, ती सांगते १.२९१. दोन्ही बरोबर! आपण वेगळं काही सांगितलं नाही, तर नमपाय चारने भागतं, पँडास तीनने. एकीच्या लेखी हे चार आकडे म्हणजेच सगळं जग, दुसरीच्या लेखी ते मोठ्या जगातले वेचलेले चार. आणि हे दोघींच्या पानांवर स्वच्छ लिहिलेलं आहे. नमपायच्या टिपांमध्ये तर पुढे जाऊन हेही सांगितलंय, की आकडे कमी अचूकतेच्या प्रकारात साठवले असतील तर उत्तरात फरक पडू शकतो, आणि तो फरक उदाहरणाने दाखवलाय. आपल्या साधनाची मर्यादा इतक्या मोकळेपणाने, आकड्यासकट सांगायची! मला ते पान वाचून त्या अनोळखी लेखकांबद्दल माया वाटली.

आणि हे पान आधी असं नव्हतं, ही तर सगळ्यात सुंदर गोष्ट. जोसेफ हॅरिंग्टन नावाचे ग्रहांचा अभ्यास करणारे खगोलशास्त्रज्ञ फ्लोरिडात विद्यार्थ्यांना पायथनमधून माहितीचं विश्लेषण शिकवत होते. मुलं अडायची ती विज्ञानात नाही, तर डॉक्युमेंटेशनच नाही म्हणून. हॅरिंग्टन यांनी २००८ च्या उन्हाळ्यात सायपाय (म्हणजे वैज्ञानिक पायथन) डॉक्युमेंटेशन मॅरेथॉन सुरू केली. दक्षिण आफ्रिकेतले स्टेफान व्हान डर वॉल्ट सूत्रं सांभाळायला. कुणालाही ब्राउझरमध्ये पान उघडून लिहिता येईल, दुसऱ्याने ते तपासता येईल अशी सोय केली. आणि हजार शब्द लिहिणाऱ्याला टी-शर्ट! जगभरच्या वैज्ञानिकांनी, विद्यार्थ्यांनी हजार-हजार शब्द लिहिले आणि जगातली कितीतरी संशोधनं ज्या फंक्शनांवर चालतात त्यांना माहितीची पानं मिळाली. २०१८ च्या मार्चमध्ये पँडासवाल्यांनी तर एकाच दिवशी कितीतरी शहरांत लोकांना बसवून पानं लिहून घेतली. हॅरिंग्टन यांच्यासारख्या खगोलशास्त्रज्ञाला आपला वेळ यावर खर्चावासा वाटला, यातच सगळं आलं. माझ्या मते वैज्ञानिक टूलचं डॉक्युमेंटेशन हे संशोधनाच्या आत मोडतं, नंतर उरलेल्या वेळात करायच्या कामात नाही.

आर या भाषेच्या जगात हा नियमच आहे. तिथे लोकांनी बनवलेली पॅकेजं ज्या सार्वजनिक भांडारात ठेवतात, त्या क्रॅनवर वापरणाऱ्यासाठी खुल्या केलेल्या प्रत्येक फंक्शनचं पान लिहावंच लागतं आणि त्यातली उदाहरणं चालवून बघितली जातात. जीवशास्त्रवाल्यांचं बायोकंडक्टर आणखी पुढे: प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेजबरोबर किमान एक सलग लेख हवा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एखादं काम करून दाखवणारा, आणि त्यातला कोड खरोखर चालणारा. गोष्ट सांगितल्याशिवाय प्रवेशच नाही!

मग मला डॅनिएले प्रोचिदा यांची डायटॅक्सिस मांडणी सापडली, आणि माझ्या टिपणांचा गुंता सुटला. ते म्हणतात, डॉक्युमेंटेशन चार प्रकारचं असतं: हात धरून शिकवणारं, ठरावीक काम कसं करायचं ते सांगणारं, संदर्भासाठी चाळायचं, आणि का ते समजावणारं. चारही एकात कोंबलं की वाचणारा बुडतो. पोहायला शिकवणं वेगळं आणि नदी कुठे ओलांडावी ते सांगणं वेगळं. माझं साडेआठचं वाक्य संदर्भाच्या पानावर गेलं; साडेआठच का, याला समजावणारं वेगळं पान मिळालं. वैज्ञानिक टूलमध्ये हा चौथा प्रकार सगळ्यात जास्त जीव लावून लिहायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. इतर सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं आणि काम झालं तर पुरतं. इथे आलेल्या आकड्याचा अर्थ काय हे कळलं नाही तर काम झालेलंच नसतं.

आणि एररचा संदेश! तोही डॉक्युमेंटेशनच. पायथनमधल्याच सायकिट-लर्न या लायब्ररीला तुम्ही चुकीच्या आकाराची यादी दिलीत, तर ते नुसतं ‘चूक’ म्हणून दार आपटत नाही. दोन मितींची यादी हवी होती, एका मितीची मिळाली असं सांगतं, आणि पुढे: तुमच्याकडे एकच गुणधर्म असेल तर आकार बदलणाऱ्या रीशेप या आज्ञेत (-१, १) द्या, एकच नमुना असेल तर (१, -१). अडलेल्या माणसाला अडलेल्या जागीच, त्याच्या दोन्ही शक्यता ओळखून उत्तर! मॅन्युअल उघडायची वेळ येण्याआधीच ते मॅन्युअल त्याच्याकडे चालत आलं. आमच्या टूलमध्येही आता एखाद्याने समुद्रातली चौकट मागितली, तर ‘या जागेसाठी नोंदी नाहीत, ही माहिती फक्त भारताच्या भूभागाची आहे’ असं वाक्य येतं. ते वाक्य लिहायला मला एका फंक्शनच्या अख्ख्या पानाइतकाच वेळ लागला आणि मी तो आनंदाने दिला.

मशीन तपासतं ते उदाहरण खरं आहे का एवढंच. ते कळतं का, हे बघायला माणूसच लागतो, आणि तोही नवखा. ही युक्ती मला आपल्या पवईतच मिळाली. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे ध्वनिचित्र-पाठ बनवतो. सायलॅबसारखी वैज्ञानिक सॉफ्टवेअरही त्यात आहेत, आणि निवेदन मराठीसकट अनेक भारतीय भाषांत. त्यांची संहिता दोन रकान्यांत असते, एकीकडे पडद्यावर काय दिसेल आणि दुसरीकडे काय बोललं जाईल. आणि विषयातल्या जाणकाराबरोबरच नवखाही ती तपासतो. नवखा माणूस तपासनीस! ज्याला काही येत नाही त्याचंच मत मोलाचं, कारण जाणकाराला गाळलेली पायरी दिसूच शकत नाही, त्याचा पाय आपोआप पुढच्या पायरीवर पडतो.

मी लगेच आमच्याकडे प्रोजेक्टसाठी आलेल्या सावंतवाडीच्या मुलीला पान दिलं. म्हटलं, ‘‘तू वाच आणि कर. मी मागे बसते, पण बोलणार नाही.’’ ती करत गेली, मी वहीत लिहीत गेले. ‘फाइल डेटा फोल्डरमध्ये ठेवा’ या ओळीवर ती थांबली. डेटा फोल्डर कुठलं? तिने डेस्कटॉप बघितला, डाउनलोड बघितलं, मग मागे वळून माझ्याकडे. ‘‘ताई, हे फोल्डर मी करायचं की ते असतं?’’ काय नेमका प्रश्न! उत्तरासकट तो तसाच्या तसा पानावर गेला. पुढे अक्षांश-रेखांशाला थांबली: आधी कुठला? पुढे वर्षाला थांबली: फाइलच्या नावात वर्ष आहे, मग पुन्हा का विचारतंय? ती जिथे जिथे थांबली तिथे तिथे मला पुढचं वाक्य मिळत होतं. अशी लेखनाची तालीम मला आजवर कुठे मिळाली नव्हती. लेख छापून आल्यावर वाचक कुठे अडखळला ते लेखकाला कधी दिसतं का? इथे दिसतं! समोर बसून, बोट ठेवून.

दुसऱ्या खेपेला ती कुठे न थांबता शेवटपर्यंत गेली आणि तिच्या सावंतवाडीच्या चौकटीचा जूनचा पाऊस पडद्यावर आला. मग तिने पुढचा प्रश्न काढला. टूल ‘पावसाचे दिवस’ मोजून देतं, पण तिने वहीत स्वतः मोजलेले दिवस जास्त भरत होते. हवामान खात्याच्या व्याख्येत पावसाचा दिवस म्हणजे २.५ मिलिमीटर किंवा जास्त. ‘‘म्हणजे दोन मिलिमीटर पडला तर तो दिवस कोरडा?’’ तिने विचारलं. हिशेबात, हो. आता त्याचं पान ती लिहितेय. उदाहरण तिनेच निवडलं: ०.३, २.४, २.५, १२ आणि ०. उत्तर, २. उंबरठ्याच्या अलीकडचा आकडा आणि अगदी उंबरठ्यावरचा आकडा दोन्ही मुद्दाम घेतलेत, कारण शंका तिथेच येते. कुणी उद्या कोडमध्ये ‘किंवा जास्त’ ऐवजी नुसतं ‘जास्त’ लिहिलं, तर उत्तर १ येईल आणि पान ओरडेल.

आणि तिने हे पान मराठीत लिहायला घेतलंय. मला शंका आली, मशीनला मराठी पान चालेल का? चाललं! डॉकटेस्टला भोवतीच्या भाषेशी देणंघेणंच नाही. ते फक्त >>> शोधतं, आज्ञा चालवतं, उत्तर ताडतं. वरखालचा मजकूर मराठीत लिहा, कोकणीत लिहा. कृषी महाविद्यालयातल्या मुलांसाठी, पाणलोटाचं काम करणाऱ्यांसाठी, भूगोलाच्या शिक्षकांसाठी मराठीत मॅन्युअल लिहायचं, आणि त्यातलं उदाहरणन् उदाहरण रोज रात्री मशीनकडून तपासून घ्यायचं, हे आज, आत्ता, फुकटात करता येतं. साडेआठच्या तारखेचं पान मराठीत झालंय, -९९९ चं झालंय, चौकटीचं अर्धं झालंय. एररचे संदेश राहिलेत. ते पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी मिळून घेतोय.